यंत्रांचेंही गुणमेलन

विवाह ठरवितांना मुलाची पत्रिका कितीही उत्तम असली, तरी मुलीच्या पत्रिकेशेजारीं ठेवून पाहिल्यावांचून आपल्याकडील वडील मंडळी होकार देत नसत. एकट्याचे गुण निराळे व जोडप्याचे गुण निराळे, हें त्यांतील तत्त्व. पत्रिकेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, हें तत्त्व मोटारीच्या इंजिनाला मात्र तंतोतंत लागू पडतें, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीस असतो. मुलाबाळांसह सुटीच्या दिवशीं फिरावयास जावें, म्हणून त्यानें १९७५ सालची एक जुनी शेव्हरोले गाडी हौसेनें घेतली. इंजिन आठ सिलिंडरांचें, ३५० घन इंचांचें. परंतु अंगानें सुस्त. त्याला जोरदार कॅमशाफ्ट बसवावा काय, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्ही जन्मभर संस्कृत व गणित शिकविलेलें; यंत्रांत आमची गति ती किती! तरी वडीलपणाच्या आवेशांत ‘अधिकस्याधिकं फलम्’ असें लिहून आम्ही मोकळे झालों.

परिणाम उलटा झाला. गाडी चौकांत उभी राहिली कीं इंजिन आचके देऊन बंद पडूं लागलें आणि चढावर तें पूर्वीपेक्षांही दुबळें झालें. भर रहदारींत दोनदां असा प्रसंग आल्यावर सूनबाईंनीं मुलांना त्या गाडींत बसविण्याचें साफ नाकारलें. चिरंजीव मात्र आतां बाजारांत मिळेल तें सर्वांत मोठें हेड आणण्याच्या विचारांत होते. या वेळीं उत्तर लिहिण्यापूर्वीं आम्ही विषय समजून घेतला.

शाळेचा दृष्टांत घेऊं. कॅमशाफ्ट ही शाळेची घंटा. दार केव्हां उघडावयाचें, किती वेळ आणि किती उघडें ठेवावयाचें, हें ती ठरविते. सिलिंडर हेड म्हणजे तें दार आणि त्यामागील पडवी; त्यांतून एका वेळीं किती मुलें आंत येतील, हें त्याच्या रुंदीवर व वळणावर अवलंबून. येथें मुलांच्या जागीं हवा व पेट्रोल यांचें मिश्रण समजावें.

इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असतां कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगानें फिरतो. म्हणजे हवा घेणारी प्रत्येक झडप सेकंदास ५० वेळां उघडते आणि दर खेपेस जेमतेम सहा-सात हजारांश सेकंद उघडी राहते. एवढ्या अवधींत सिलिंडर भरावयाचा, म्हणून जोरदार कॅम झडपेला अधिक वेळ उघडी ठेवतो. वेगानें येणारी हवा पिस्टन वर निघाल्यावरही आपल्याच झोंकानें आंत शिरत राहते. परंतु फेरे कमी असले कीं तो झोंक नसतो. मग वर येणारा पिस्टन आंत आलेलें मिश्रणच परत ढकलतो. शिवाय दोन्ही झडपा काहीं काळ एकदम उघड्या राहिल्यानें जळलेला धूर नव्या मिश्रणांत मिसळतो. चौकांतील आचक्यांचें कारण हेंच.

आमच्या पुतण्याच्या इंजिनांत आणखी एक उणीव होती. त्याच्या जुन्या हेडमधील ज्वलनाची पोकळी ७६ घन सेंटिमीटरांची, त्यामुळें दाबाचें प्रमाण अवघें साडेआठास एक. उशिरां मिटणाऱ्या झडपेनें तेंही वायां गेलें. हीच पोकळी ६४ घन सेंटिमीटरांची असती, तर तें प्रमाण साडेनवाच्या घरांत गेलें असतें. कोणीही गणित करून पाहावें.

मग मोठें हेड कां नको? कारण हवेची वाट वाजवीपेक्षां रुंद झाली, तर कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटूं लागतात. उलटपक्षीं वाट अरुंद असेल, तर कॅमनें झडप कितीही उचलली तरी उपयोग नाहीं. भूमिति सांगते कीं, झडप आपल्या व्यासाच्या चतुर्थांशाइतकी उचलली कीं तिच्या कडेभोंवतालची मोकळी जागा तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकी होते. १.९४ इंच व्यासाच्या झडपेला ही उचल ०.४८५ इंच. त्यापुढें अडचण बहुतेक वाटेचीच असते.

कारखानदारांना हें पूर्वींपासून ठाऊक होतें. १९६४ सालीं शेव्हरोलेनें आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या ३२७ घन इंचांच्या इंजिनांतून ३६५ अश्वशक्ति काढली. तेव्हां ३०-३० नांवाच्या तीव्र कॅमबरोबर २.०२ इंचांच्या मोठ्या झडपांचें हेड आणि अकरास एक असा दाब दिला. पण तें इंजिन ६००० फेऱ्यांपलीकडे आपलें पूर्ण तेज दाखवी. संसारी माणसाची गाडी तेथवर जाते कोठें?

म्हणून निवड करण्यापूर्वीं पहिला प्रश्न असावा, ‘इंजिन किती फेऱ्यांवर वापरावयाचें?’ आमच्या घरीं हा प्रश्न पंडितांनीं नव्हे, सूनबाईंनींच विचारला होता. “गाडी शर्यतीसाठीं घेतली कीं मुलांसाठीं?” एवढेंच त्या म्हणाल्या होत्या!

अखेर पुतण्यानें तो कॅम काढून सौम्य कॅम घातला आणि १९९६ पासून शेव्हरोलेच्या मालमोटारींवर येऊं लागलेलें व्होर्टेक जातीचें लोखंडी हेड जोडलें. त्याची हवेची वाट सुमारें १७० घन सेंटिमीटरांची, पोकळी ६४ची, झडपा १.९४ इंचांच्या. दोन पथ्यें मात्र त्याला पाळावीं लागलीं. हें हेड जसें येतें तसें सुमारें ०.४७ इंचाहून अधिक उचल सोसत नाहीं. स्प्रिंगवरील टोपी खालच्या सीलवर आपटते. आणि त्याला त्याचाच वेगळा मॅनिफोल्ड लागतो; जुना बसत नाहीं. दोन्ही गोष्टी पैसे मोजण्यापूर्वीं विचारून घ्याव्या.

गेल्या महिन्यांत पत्र आलें. गाडी चौकांत शांत उभी राहते, चढ सहज चढते, आणि मागच्या बांकावर मुलें बसतात. आमची ‘अधिकस्य’ ची ओळ सूनबाई अजून विसरल्या नाहींत, असेंही त्यांत होतें. असो. फळ अधिकाचें नसून अनुरूपाचें असतें, हें साठी उलटल्यावर आम्हांस एका इंजिनानें शिकविलें.