संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्हेगारी करार

सायबर गुन्ह्यांविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार युरोप परिषदेने २००१ मध्ये बुडापेस्ट येथे सह्यांसाठी खुला केला. भारत त्यात सामील नाही. रशियाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वेगळ्या कराराची प्रक्रिया सुरू झाली. २४ डिसेंबर २०२४ रोजी आमसभेने तो स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे सह्या सुरू झाल्या. ४० देशांच्या अनुमोदनानंतर ९० दिवसांनी तो लागू होतो.

खरी मेख व्याप्तीत आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावे पुरवण्याचे सहकार्य हॅकिंग किंवा ऑनलाइन फसवणुकीपुरते नाही. कमाल शिक्षा किमान चार वर्षे असलेला कोणताही ‘गंभीर गुन्हा’ त्यात बसतो. शिक्षा किती, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. थायलंडमध्ये राजाच्या बदनामीला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे तिथली एखादी फेसबुक पोस्टही या व्याख्येत येते. राजकीय मतांसाठी कोणाला लक्ष्य केले जात असेल, तर दुसरा देश मदत नाकारू शकतो, पण नाकारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पाळतीवर न्यायालयाची देखरेख किती असावी, हेही कलम २४ देशांतर्गत कायद्यावरच सोडते. पत्रकारांचे स्रोत सर्वाधिक उघडे पडतात ते इथेच.