अंदमानातला पहिला दिवस: घड्याळ तेच, सूर्य वेगळा

उष्ण कटिबंधातल्या बेटावर जायचं म्हटलं की आपण वेगळ्याच हवामानाच्या मुलखात निघालो, असं हिंगोलीकराला वाटतं. नकाशा मात्र निराळं सांगतो. हिंगोली साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्याच कटिबंधात आहे. तरीही हिवाळ्यात लग्नानंतर अंदमान गाठणाऱ्या इथल्या जोडप्याला पहिला दिवस चकवतो. त्यामागे दोन कारणं आहेत: बदललेला रेखांश आणि चहूबाजूंचं पाणी.

पहिला चकवा पहाटेचा. २१ डिसेंबरच्या सुमारास हिंगोलीत सूर्य उगवतो साधारण ६ वाजून ५१ मिनिटांनी. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजय पुरम) तो ५ वाजून ३४ मिनिटांनीच वर येतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. हिंगोली त्याच्या पाच अंशांहून थोडी अधिक पश्चिमेला, तर पोर्ट ब्लेअर दहा अंशांहून थोडं अधिक पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे दोन गावांच्या सूर्यवेळेत तासाभराचा फरक, पण मनगटावरचं घड्याळ एकच. आसामच्या चहामळ्यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून आपलं घड्याळ तासभर पुढे ठेवलं होतं. अंदमानात तशी सोय नाही, तेव्हा पहिल्या दिवशी लवकर उठणंच फायद्याचं.

सकाळ समुद्रासाठी ठेवावी. नॉर्थ बेला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात. प्रवाळ हे दगड नव्हेत. इवल्या प्राण्यांनी कॅल्शियम कार्बोनेटची घरं बांधून उभारलेल्या त्या वसाहती आहेत. पॅरटफिश नावाचा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुरा बाहेर टाकतो. अंदमानच्या पांढऱ्या वाळूचा मोठा भाग अशा चुऱ्याचा आणि शिंपल्यांचा असतो. आपली काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झाली; ही वाळू सजीवांनी घडवली. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

दुपारी सेल्युलर जेल पाहताना दुसरा चकवा बसतो. तापमान असतं तिशीच्या आसपास, हिंगोलीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी कमी, तरी सदरा अंगाला चिकटतो. शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम येतो आणि लगेच उडतो. बेटावरच्या हवेत बाष्प आधीच भरपूर, त्यामुळे तो नुसता ओघळतो आणि ओघळलेला घाम गारवा देत नाही. तिथे शहाळं हवंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, म्हणून सोबत काहीतरी खारट खावं.

जेवणात तिसरा चकवा. सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांच्या परिसरातल्या माणसाला रोहू-कटला ओळखीचे. गोड्या पाण्यातल्या माशांना कधी कधी येणारा मातकट वास जिऑस्मिन या संयुगाचा. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासातही तेच असतं. समुद्री माशाचा वास निराळा. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवायला तो ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड साठवतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि नाकाला झोंबतो तो हाच पदार्थ. ताज्या माशाला हा वास जवळजवळ नसतो. लिंबू किंवा चिंचेच्या आंबटाशी त्याची क्रिया झाली की तो हवेत उडत नाही. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांनी हे रसायनशास्त्र न शिकताच साधलं. मटणाला कुकरच्या शिट्ट्या लागतात, सुरमईचा तुकडा मात्र काही मिनिटांत शिजतो. पाणीच भार पेलत असल्याने माशाला जाड जोडऊती लागत नाहीत, आणि जे कोलॅजन असतं तेही कमी तापमानाला विरघळतं.

सूर्यास्त पाहायला चिडिया टापूला जायचं तर दुपारी साडेतीनपर्यंत निघावंच, कारण २१ डिसेंबरला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. हिंगोलीत ५ वाजून ४७ मिनिटांनी. इथे गणित चुकल्यासारखं वाटेल: सकाळी ७७ मिनिटांचा फरक, संध्याकाळी ४७चाच. बाकीची ३० मिनिटं अक्षांशाची. हिवाळ्यात विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका दिवस मोठा, म्हणून ११.७ अंशांवरच्या पोर्ट ब्लेअरला हिंगोलीपेक्षा अर्धा तास जास्त उजेड मिळतो. तो पहाटे आणि संध्याकाळी निम्मा-निम्मा वाटला जातो, पण रेखांशामुळे सगळा दिवसच तासभर आधी सरकतो. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला फक्त लवकरचा अंधार येतो.