पाहुण्याची दुसरी रात्र: रत्नागिरीच्या पर्यटनात छोट्या उद्योजकाने नेमकं काय विकायचं?



मागच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सगळ्यात जास्त आला. "सर, रत्नागिरीत पर्यटक एवढे येतात, मग आमच्या हातात पैसा का राहत नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत रिक्षावाले आहेत, घरगुती खानावळ चालवणाऱ्या ताई आहेत आणि दोन खोल्या बांधून ठेवलेले आंबा बागायतदारही आहेत. व्हिडिओत दहा मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

माझं उत्तर एका ओळीत असं आहे: आपल्याकडे पाहुणा येतो, पण दुसऱ्या रात्री राहत नाही. आणि छोट्या माणसाचा धंदा त्या दुसऱ्या रात्रीतच आहे.

पाहुणा नेमका काय करतो?

दुकानात बसल्या बसल्या मी हे रोज बघतो. मुंबई-पुण्याची गाडी येते. गणपतीपुळ्याचं दर्शन, समुद्रात पाय, मोदक, जेवण. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीत येताना दोन फोटो. मग थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, जमलं तर रत्नदुर्ग. दुपारी चारला गाडी आमच्यासारख्यांच्या दारात. आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत, काजू घेतात आणि विचारतात, "दादा, अजून काही बघण्यासारखं आहे का, की निघू?"

हा "की निघू" फार महाग शब्द आहे, मित्रांनो. कारण आपल्याकडे बघण्यासारखं कमी नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इथे तीस वर्षं नजरकैदेत राहिला. १९१० मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा आणि त्याची समाधी इथे आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष ती बघायला आले होते. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य टिळक इथे जन्मले. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं १९३१ चं पतितपावन मंदिर इथे आहे. गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे.

पण ही सगळी ठिकाणं म्हणजे जागा आहेत. जागा केव्हाही बघता येते, त्यामुळे पाहुणा एका दिवसात पाच जागा उरकतो. त्याला थांबवायचं असेल तर जागेसोबत वेळ विकायला शिका. म्हणजे काय, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाने दाखवून दिलंय.

वेळासने काय केलं?

मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव. त्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री पळवून न्यायची. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षण सुरू केलं. अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला.

आता धंद्याच्या नजरेने बघा. पिल्लं कधी सोडतात? सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ऊन नसताना. मुंबईहून सकाळी सातला वेळासला पोचायचं तर रात्रभर गाडी चालवावी लागेल. म्हणजे पाहुण्याला आदल्या रात्री गावातच राहावं लागतं. रात्र काढायची तर झोपायला जागा हवी, रात्रीचं जेवण हवं, सकाळचा चहा हवा. वेळासमध्ये मोठी हॉटेलं नव्हती. गावकऱ्यांनी आपल्या घरांत सोय केली. पडवीत गाद्या, पानावर घरचं जेवण. अजून एक गोष्ट: पिल्लं आज निघतील की उद्या, याची खात्री कुणीच देत नाही. सकाळी नाही दिसली तर माणूस म्हणतो, संध्याकाळपर्यंत थांबूया.

तिथे जागा तीच, समुद्र तोच. पाहुण्याला थांबवलं ते घड्याळाने. शिवाय जे अंडं खाल्लं तर एकदाच पोट भरायचं, ते जपलं तर दरवर्षी गावाला हंगाम देतं. संवर्धन आणि धंदा यांचं भांडण असायलाच हवं असं नाही, हे वेळासने सिद्ध केलं.

रत्नागिरीचं घड्याळ

आपल्याकडे कासवं नसतील तर? हरकत नाही. कागद घ्या आणि तुमच्या दहा किलोमीटरच्या आत ठराविक वेळेलाच काय घडतं, ते लिहा. मी रत्नागिरीपुरता सांगतो.

सकाळ: मिरकरवाडा बंदर. बोटी लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्या, बर्फ, बोली, आरडाओरडा. शहरातल्या माणसाने असं काही बघितलेलं नसतं. बोटी कधी लागणार ते आदल्या दिवशी बंदरावर विचारून ठेवायचं. तिथून रत्नदुर्ग जवळच. तीन बाजूंनी समुद्र, आत भगवती देवी, आणि ऊन चढायच्या आत तटावरून चालता येतं.

सकाळ किंवा उतरतं ऊन: कातळशिल्पं. आपल्या सड्यांवर, जांभ्या दगडात, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून ती शोधली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या जिल्ह्यातली सात ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे! पण भर दुपारी गेलात तर काळा दगड आणि चटके, बाकी काही नाही. ऊन तिरपं असतं तेव्हा कोरीव रेषेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. पाहुण्याला हे माहीत नसतं. तुम्हाला माहीत असणं, हाच तुमचा माल.

भरती-ओहोटी: गुहागर तालुक्यात हेदवीची बामणघळ. भरतीचं पाणी घळीत घुसून उंच उसळतं, ते भरतीच्या वेळीच दिसतं. आपल्या आजोबांचा हिशोब आठवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अंदाजासाठी हा हिशोब ठेवा, पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

संध्याकाळ आणि रात्र: थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि मावळता सूर्य. जानेवारीत राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालख्या आणि नमन-खेळे, गणपतीत जाखडी. यातलं बरंचसं रात्री रंगतं आणि चार वाजता निघालेल्या गाडीला ते कधीच दिसत नाही.

पावसाळा: उक्षी, निवळी, मार्लेश्वरचे धबधबे. समुद्राचा धंदा बंद असतो तेव्हा घाटाकडचा हंगाम सुरू होतो.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

चौघांचं कुटुंब दुसरी रात्र राहिलं, तर खोली २,००० रुपये, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता १,४००, गाडी १,२००, वाटाड्या ८००, निघताना खरेदी १,०००. एकूण ६,४०० रुपये, आणि तेही पाच वेगवेगळ्या घरांत गेले. महिन्याला अशी दहा कुटुंबं, सहा महिने धरले तर ३,८४,००० रुपये एका वाडीत येतात. त्यासाठी रिसॉर्ट बांधावा लागत नाही.

"पण सर, माझ्याकडे खोलीच नाही." मग सकाळची फेरी विका. मिरकरवाडा, रत्नदुर्ग आणि शेवटी एखाद्या काकूंच्या घरी घावणे-चटणी आणि चहा. माणशी ३०० रुपये, सहा जण, म्हणजे १,८००. खर्च: नाश्ता ४८०, दोन रिक्षा ७००, पाणी-फोन-किरकोळ १२०. एकूण १,३००. तुमचे उरले ५००.

तीनच जण आले तर? जमा ९००. नाश्ता २४०, एक रिक्षा ३५०, किरकोळ १२०, खर्च ७१०. उरले १९०. आणि दोघंच आले तर जमा ६००, खर्च ६३०. म्हणजे तीस रुपये तुमच्या खिशातून! म्हणून बुकिंग घेतानाच सांगायचं: किमान तीन जण, नाहीतर फेरीचा ठरलेला एक दर. हे आधी ठरवलं नाही, तर पहाटे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याशी घासाघीस करावी लागते आणि धंदा तिथेच बिघडतो.

एकट्याने सगळं करू नका

एकच माणूस स्वयंपाक, गाडी, माहिती आणि फोन सांभाळायला गेला की पहिल्या सीझनला दमतो. चार जण मिळून करा. एकाची खोली, एकीचं जेवण, एकाची रिक्षा, एकाची तोंडी माहिती. दर आधी लिहून ठेवा आणि प्रत्येकाचे पैसे त्याच दिवशी द्या. आपल्याकडे भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा "नंतर बघू" या दोन शब्दांनी.

कागदपत्रं आणि जिवाची जबाबदारी

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, आधी ती करा. जेवण विकणार तर अन्न परवान्याची नोंदणी घ्या. घरात पाहुणे ठेवणार असाल तर पर्यटन विभागाची न्याहरी-निवास योजना, बागायतदार असाल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण, आणि ताईंसाठी २०२३ चं 'आई' धोरण बघा. अटी बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर न जाता पर्यटन संचालनालयात विचारा. परदेशी पाहुणा ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

रॅपलिंग, पॅरासेलिंग, कयाकिंग असं काही विकायचं असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी, प्रशिक्षित माणूस आणि विमा हवा. "माझा चुलतभाऊ दोरी छान बांधतो" हे चालणार नाही.

आणि समुद्राबद्दल स्पष्ट बोलतो. गणपतीपुळ्याला आणि आरे-वारेला पाहुणे बुडून गेलेले आहेत. आपला किनारा वरून शांत दिसतो, पण पाण्याची ओढ नव्या माणसाला कळत नाही. पावसाळ्यात आणि उधाणाच्या भरतीला पाण्यात उतरू द्यायचं नाही म्हणजे नाही. पाहुणा म्हणेल, "आम्हाला पोहता येतं." तुम्ही पैसे परत करा, पण हो म्हणू नका. तीनशे रुपयांसाठी कुणाच्या घरचा माणूस जाऊ देणारा धंदा आपल्याला नको.

काय विकायचं नाही

पालखी हा शो नाही. पाहुण्याला न्यायचं असेल तर आधी मानकऱ्यांना विचारा, चपला कुठे काढायच्या, फोटो कुठे काढायचा नाही, हे पाहुण्याला आधीच सांगा. कातळशिल्पावर पाय ठेवू देऊ नका आणि फोटोत उठून दिसावं म्हणून खडू किंवा पाणी ओतू देऊ नका. उक्षीच्या हत्तीभोवती कठडा बांधलाय, तो उगाच नाही. बंदरावर कामाची वाट अडवू नका, मासळीवाल्या मावशींचा फोटो विचारूनच काढा. ज्यांच्या जगण्यावर तुमची फेरी उभी आहे त्यांना ती नकोशी झाली, तर पुढच्या वर्षी ती फेरीच राहणार नाही.

या आठवड्याचं काम

सात दिवस, रोज वेगवेगळ्या वेळेला घराबाहेर पडा. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला. त्या वेळेलाच घडणारी एक तरी गोष्ट वहीत लिहा. आठव्या दिवशी त्यातली एकच निवडा. तिला वेळ, दर आणि किमान माणसं, एवढं तीन ओळींत लिहा. मग ओळखीतल्या तीन जणांना पैसे घेऊन ती फेरी करा. फुकट नको, फुकट्या पाहुण्याचं मत खरं नसतं.

त्या तीन ओळी कमेंटमध्ये टाका. निवडक फेऱ्यांचा हिशोब आपण पुढच्या व्हिडिओत आकड्यांसकट तपासू. आणि पुढच्या वेळी कुणी "की निघू?" विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर तयार पाहिजे: "निघा की, पण उद्या सकाळी सहाला मिरकरवाडा बघून!"