शाळेची परसबाग : आखणी आणि बांधणी

नाशिक जिल्ह्याचे हवामान सर्वत्र सारखे नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात पाण्याचे लोट वाहतात. सिन्नर, येवला, नांदगाव व चांदवड या भागांत पाऊस बेताचाच पडतो. तथापि शाळेच्या परसबागेविषयी एक अनुभव दोन्हीकडे वारंवार येतो. जूनमध्ये उत्साहाने लावलेली बाग एप्रिलपर्यंत वाळून जाते आणि मुलांच्या मनात श्रमाविषयी उदासीनता उरते. याचे मूळ बहुधा आखणीत असते. बागेचा आकार पावसाळ्याच्या पाण्यावरून नव्हे, तर उन्हाळ्याच्या पाण्यावरून ठरवावयास हवा.

हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. शाळेत ६० मुले असून मध्यान्ह भोजनाच्या वेळी हात व ताट धुण्यास प्रत्येकी १ लिटर पाणी लागत असेल, तर रोज ६० लिटर सांडपाणी मिळते. कडक उन्हात एक चौरस मीटर वाफ्यास सुमारे ६ लिटर पाणी लागते असे धरल्यास १० चौरस मीटर जागा पुरे. म्हणजे एक मीटर रुंद व पाच मीटर लांब असे दोन वाफे. रुंदी याहून अधिक नसावी, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतो व वाफा तुडविला जात नाही.

आखणीसाठी खुंट्या व दोरी पुरेशी आहे. दोरीला समान अंतरावर गाठी मारून ३, ४ व ५ भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. पायथागोरसचा सिद्धांत पुढील इयत्तांत येतो, तेव्हा या मुलांना तो ओळखीचा वाटेल. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला. शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत.

पश्चिमेकडील तालुक्यांत वाफे वीतभर उंच करून कडेला शेतातील काळे दगड रचावेत व पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. पूर्वेकडे वाफे जमिनीपेक्षा थोडे खोल ठेवावेत, म्हणजे पडलेला पाऊस तेथेच मुरतो. काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. म्हणून दगड रचण्यापूर्वी खाली मुरमाचा थर द्यावा.

नळाचे सांडपाणी खडी व वाळू भरलेल्या चरातून गाळून झाडांच्या मुळाशी सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये. उरलेले पाणी केळीच्या आळ्यात जिरवावे. नळाजवळ डबके साचू दिल्यास डासांची पैदास होते. हे आळे पिण्याच्या विहिरीपासून व हातपंपापासून दूर असावे.

कुंपणाची निवड विशेष काळजीने करावी. मोगली एरंड गुरे खात नाहीत म्हणून तो बांधावर सर्रास लावतात. परंतु त्याच्या बिया विषारी असून त्या खाल्ल्याने मुलांना उलट्या व जुलाब होतात. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. शाळेभोवती या दोन्ही वनस्पती, तसेच कण्हेरही, नसावी. बाभळीच्या काट्या रोवून आत मेंदीची ओळ लावणे हितावह.

मे महिन्यात शाळा बंद असते व सांडपाणीही मिळत नाही. म्हणून भाज्यांचे वाफे एप्रिलअखेर रिकामे करून त्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शेवगा व कढीपत्ता यांची झाडे मात्र राखावीत. प्रत्येक झाडाजवळ एक कच्चा, पाझरणारा माठ गळ्यापर्यंत पुरून त्यावर झाकण ठेवावे. अधूनमधून तो भरला की पाणी हळूहळू मुळांना मिळत राहते. भरण्याचे काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना त्यांच्या पालकांच्या संमतीने वाटून द्यावे.

बाग लहान असो. ती जूनमध्ये शाळा उघडताना हिरवी दिसली, म्हणजे त्या कामाचे शिक्षण पूर्ण झाले.