मोटारीतील केबल : लहान वस्तू, मोठी जबाबदारी

गतवर्षी पावसाळ्यात पुण्याहून सांगलीकडे परतताना एका वाहनाने आमच्या मोटारीस मागून धक्का दिला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु चूक कोणाची, हा वाद उभा राहिला. ‘कॅमेऱ्यात सर्व टिपले असेल,’ असे मी विश्वासाने म्हणालो. घरी येऊन पाहतो तो नेमकी तीच दहा मिनिटे कोरी! कॅमेरा निर्दोष होता. दोष त्याला वीज पुरविणाऱ्या स्वस्त यूएसबी केबलचा निघाला.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तार पाच व्होल्टची, काळी परतीची. पांढरी व हिरवी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि येथे आकडा जितका लहान, तितकी तार जाड. बँकेतील सवयीने मी हिशेब मांडला. एक मीटर लांबीच्या २८ गेज तारेतून दोन अँपिअर प्रवाह गेल्यास जाण्यायेण्याच्या वाटेत सुमारे ०.८५ व्होल्टची घट येते. जमा पाच, हाती उरले सुमारे ४.१५! इतक्यावर कॅमेरा वारंवार बंद पडणारच. २० गेज तारेत हीच घट अवघी ०.१३ व्होल्ट असते. म्हणून खरेदी करताना केबलच्या आवरणावर छापलेला गेज वाचावा, आणि लांबी गरजेपुरतीच घ्यावी.

केबल स्वतः जोडायची असल्यास प्रथम ती मोटारीपासून पूर्ण वेगळी करावी. रंगांवर विसंबू नये. मल्टीमीटरने प्रत्येक तार तपासावी. आकसणारी नळी सोल्डरिंगपूर्वीच तारेत ओवावी. नंतर आठवून उपयोग नाही. लाल व काळ्या तारेचे सांधे समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवावेत. तापलेली इस्त्री तारेस लावून तारेच्या उष्णतेनेच सोल्डर वितळू द्यावे. राळयुक्त सोल्डर वापरावे. आम्लयुक्त फ्लक्स कालांतराने तांबे खाते. खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर हात धुवावेत.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. सोल्डर मुरलेली तार ताठर होते आणि गाडीच्या सततच्या कंपनाने सांध्याच्या कडेलाच तुटते. त्यामुळे सांध्याच्या दोन्ही बाजूंस केबल पक्की बांधावी; ताण सांध्यावर येऊ देऊ नये. शेवटी लाल व काळी तार एकमेकींस कोठे टेकत नाहीत ना, हे मीटरने पाहावे आणि मगच केबल जोडावी. उपकरण चालू असताना त्याच्या टोकाशी किती व्होल्ट मिळतात, तेही पाहावे. रिकाम्या केबलवरील पाच व्होल्ट फसवे असतात.

त्या वादात नुकसानीचा अर्धा भार मी सोसला. केबलवर शे-दीडशे रुपये वाचविल्याचे ते व्याज होते. चाळीस वर्षे इतरांची खाती तपासणाऱ्या मी घरची ही नोंद मात्र कधी पडताळली नव्हती. वाचकहो, पुढील प्रवासापूर्वी आपण ती अवश्य पडताळून पाहावी.