‘काही तक्रार आहे का?’

रविवारी तालुक्याच्या न्यायालयात एकच दालन उघडे असते. सुट्टीच्या या कोर्टात शनिवारी धरलेल्यांना हजर करतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने घातलेली 24 तासांची मुदत सुट्टीसाठी थांबत नाही. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा.

व्हरांड्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील बाई विशीतल्या एका पोराशी बोलत होत्या. गुन्ह्याचे त्यांनी आधी काढलेच नाही. “किती वाजता आणलं तुला?”

“काल दुपारी एकला, मॅडम. जेवत होतो.”

अटकेच्या फॉर्मवर वेळ होती रात्री 9:40 ची. घड्याळात तीन वाजून गेले होते. म्हणजे कागदावर 24 तास भरायला अवकाश, पोराच्या हिशेबाने ते उलटून गेलेले. माणसाला अडवून ठेवले त्या क्षणापासून अटक धरायची, अधिकाऱ्याने लिहिलेल्या वेळेपासून नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितले आहे. पण ते कोर्टापुढे कुणीतरी मांडायला हवे.

बाई भराभर सांगत होत्या. झटापट करायची नाही, पळायचे नाही. नाव-पत्ता खरा द्यायचा. कोऱ्या कागदावर सही नाही. तपासात दिलेल्या जबाबावर सहीचे बंधन नाही. मार लागला असेल तर डॉक्टरला दाखवायचा. घरच्यांना कळवणे हे पोलिसांचे काम आहे. अटकेची कारणे समजेल त्या भाषेत लेखी मिळायला हवीत. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केले.

“आणि साहेब विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. घाईनं ‘नाही’ म्हणू नकोस.”

हा प्रश्न मुंबईच्या तुरुंगातून आला आहे. पत्रकार शीला बर्से तिथल्या 15 महिला कैद्यांशी बोलल्या; पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांच्या पत्रावरून 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मॅजिस्ट्रेटने प्रत्येक अटक झालेल्याला छळाबद्दल विचारावे, आणि त्याच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी, इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावावे.

आत तिघांनी मान खाली घालूनच “नाही साहेब” म्हटले. प्रश्न पुरता संपलाही नव्हता. शेजारी उभा हवालदार आणि रात्री परत जायची तीच कोठडी; दुसरे काय म्हणणार?

पोराची पाळी आली. त्याने आधी हवालदाराकडे पाहिले, मग बाईंकडे. “मारलं नाही, साहेब. पण काल दुपारी एकपासून बसवून ठेवलंय.”

मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतले. तपास अधिकाऱ्याने तीन दिवसांची कोठडी मागितली होती. मिळाली एका दिवसाची, सोमवारी स्टेशन डायरी हजर करण्याच्या आदेशासह. बाईंनी तिथेच पुढचा अर्ज लिहायला घेतला: ठाण्यातले शनिवारचे सीसीटीव्ही चित्रण, दुपारी एक ते रात्री 9:40, जपून ठेवावे.