गहू सोडण्याआधी

पोट सतत फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. अशा वेळी संशय पहिल्यांदा गव्हातल्या ग्लूटेनवर येतो. पुरावा वेगळं सांगतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ साली ग्लूटेन टाळणाऱ्या, पण सिलिअ‍ॅक आजार (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा) नसलेल्या ५९ जणांना, कशात काय आहे हे न सांगता ग्लूटेनचे, फ्रुक्टानचे आणि दोन्ही नसलेले असे तीन प्रकारचे म्यूस्ली बार दिले. अधिक त्रास झाला तो फ्रुक्टानने, ग्लूटेनने नव्हे. फ्रुक्टान हे कर्बोदक गव्हात असतं, तसंच कांद्या-लसणातही. लहान आतड्यात ते पचत नाही; मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. म्हणून चपाती सोडून झुणका-भाकरी खाणाऱ्याचा त्रास कांद्यामुळे तसाच राहू शकतो.

“पण गहू सोडल्यावर मला बरं वाटलं,” असं कोणी म्हणेल. ते बरं वाटणं खरंच आहे. कारण ग्लूटेनच होतं, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही तो निसटू शकतो. त्यानंतर आहारतज्ज्ञाच्या मदतीने संशयित पदार्थ काही आठवडे बंद करावेत आणि मग एकेक परत आणावा. हा दुसरा टप्पा गाळला तर ताट उगाच रिकामं होत जातं. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आहाराचे प्रयोग थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.